पेंटरकाकांचा नवा ब्राउझर आणि पडद्याचा नमुना

वाचकहो, प्रस्तुत कथेत एका ब्राउझरची निवड, त्या निवडीपायी एका सरळ शिवणीला पडलेला बाक आणि त्या बाकावर ठेवला गेलेला एक अंगठा, या तीन गोष्टींचा वृत्तांत यथाक्रम सांगितला जाईल. ब्राउझर म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नसेल, त्यांनी संकोच बाळगू नये. संगणकावरून इंटरनेटच्या जगात शिरण्याचा जो दरवाजा असतो, त्यास ब्राउझर असे म्हणतात. दरवाजे निरनिराळ्या कंपन्यांचे असतात. आतले जग मात्र सर्वांना एकच लागते. एवढे ध्यानी धरले, की पुढे अडखळण्याचे कारण नाही.

पेंटरकाकांच्या घराची पुढची खोली नवराबायकोने कोणताही करार न करता निम्मी निम्मी वाटून घेतली होती. खिडकीकडच्या अर्ध्या भागात काकूंचे शिलाई मशीन होते. भिंतीकडच्या अर्ध्या भागात काकांचे रंगाचे डबे, टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलेले ब्रश आणि एक टेबल होते. त्या टेबलावर परगावी नोकरीस असलेल्या कन्येने पाठविलेला संगणक बसला होता. तो संगणक खरे पाहता काकूंसाठी आला होता; परंतु तो काकांच्या हद्दीत ठेवला गेला, आणि या कथेतील सर्व अनर्थाचे मूळ या मांडणीतच आहे.

काका पाट्या रंगवीत. एके काळी बाजारातील प्रत्येक दुकानाच्या कपाळावर त्यांचेच अक्षर असे. पुढे यंत्रावर छापलेले फलक आले, आणि काकांचे ब्रश डब्यातच उभे राहू लागले. काकू मात्र अखंड शिवत. लांबचे आखूड करणे, घट्टचे सैल करणे, उसवलेले पुन्हा जोडणे, यातच त्यांची हयात गेली होती. लोकांच्या चुका दुरुस्त करण्यापलीकडे त्यांच्या मशीनला मोठे काम कधी मिळालेच नव्हते. ते आता मिळण्याचा योग आला होता. एका नव्या रुग्णालयाला प्रत्येक खाटेभोवती पडदे हवे होते. तेथील मेट्रनबाईंनी तीन शिवणाऱ्यांना एकेक कापड पाठवून नमुना शिवण्यास सांगितले होते आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता संगणकावरील व्हिडिओ भेटीत तो पाहण्याचे ठरविले होते. पसंत पडला, तर सबंध रुग्णालयाचे पडदे काकूंच्या हातचे होणार होते.

"अगं, आपला हा ब्राउझर मला आजारी दिसतो," त्या आठवड्याच्या आरंभी काका म्हणाले.

"आजारी? काल तर धडधाकट होता."

"चालतो गं. पण रंग बघ त्याचा. अंगणात विसरलेल्या पत्र्यासारखा राखाडी."

"मला त्यातून मेट्रनबाईंची मेल वाचायचीय. त्याच्याशी सोयरीक नाही करायची."

परंतु काकांच्या मनाने घेतले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या ब्राउझरच्या शोधास प्रारंभ केला. पहिला आपल्या वेगाची प्रौढी सांगत होता. काकांना कोठेच जायची घाई नव्हती. दुसरा म्हणाला, की तो कोणाचेही गुपित बाहेर फुटू देत नाही. काकांजवळ गुपित नव्हते. तिसरा उघडला, तेव्हा पडद्यावर रंगांच्या गोल टिकल्या उमटल्या आणि त्यांखाली प्रश्न आला, "तुम्हाला कोणता रंग आवडेल?"

काकांनी चष्मा पुन्हा एकदा पुसला. गिऱ्हाईक पाटी घेऊन येई, त्या काळी हा प्रश्न स्वतः काका विचारीत. त्यांना मात्र तो आजवर कोणी विचारला नव्हता. घरातल्या भिंतींचा रंगसुद्धा डब्यांत जो उरेल तो, अशाच रीतीने ठरला होता.

"हा घ्यायचा," ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांनी कन्येला फोन लावून तिचे मत घेतले. कन्या म्हणाली, "चांगलाय तो बाबा. पण त्यात बदलायला खूप काही असतं. लागेल तेवढंच बदला. आणि आईची मीटिंग होईपर्यंत जुना काढू नका."

काकांना या उत्तरातील "चांगलाय" एवढाच शब्द नीट ऐकू आला. जुना ब्राउझर त्यांनी त्याच दिवशी काढून टाकला. एका दुकानावर दोन पाट्या लावीत नाहीत, असे त्यांचे त्यावरील म्हणणे होते.

त्यानंतर सजावटीस आरंभ झाला. हिरव्यातील दोन छटांपैकी एक निवडण्यात एक सबंध सकाळ गेली. टॅब, म्हणजे उघडलेल्या पानांच्या ज्या चिठ्ठ्या असतात, त्या काकांनी प्रथम वरून डावीकडे नेल्या, मग खाली आणल्या आणि शेवटी अदृश्य केल्या. पत्ता लिहिण्याची पट्टी त्यांना दुकानावर लटकणाऱ्या मिरचीच्या माळेसारखी वाटली, तीही गेली. मग मागे जाण्याचा बाण गेला. कोपऱ्यातील फुलीदेखील गेली. पाटीवर अक्षराइतकीच मोकळी जागाही महत्त्वाची असते, हे तत्त्व त्यांनी जन्मभर पाळले होते, आणि येथे तर अक्षरही नव्हते. एका पानावर जाहिरात अचानक ओरडू लागली, तेव्हा त्यांनी सर्व पानांचा आवाजही बंद करून टाकला.

"पाटी बोलत नसते," ते म्हणाले.

बटणे गेली, तरी काम अडणार नव्हते. या ब्राउझरात अशी सोय होती, की माऊसचे उजवे बटण दाबून ठेवावे, हाताने एक विशिष्ट रेघ ओढावी, आणि हुकूम तामील व्हावा. त्यांपैकी एक रेघ अशी होती: सरळ खाली यावे आणि उजवीकडे झटका द्यावा, म्हणजे समोरचे पान बंद होते. दुर्दैव असे, की अक्षराचा काना ओढून ब्रश उचलताना काकांचा हात नेमका असाच खाली येऊन उजवीकडे झटका देत असे. तो झटका त्यांच्या मनगटात मुरलेला होता.

शुक्रवारी सकाळी काकू नमुन्याची शेवटची शिवण मारीत होत्या. कापड रुग्णालयाचे होते, ओल्या फडक्याने पुसता येईल असे गुळगुळीत आणि दणकट. त्यात सुई एकदा गेली, की उसवल्यावरही भोक तसेच राही. त्यामुळे काकू श्वास रोखून मशीन चालवीत होत्या.

"अगं ये! लवकर ये! झाला बघ!" काका एकाएकी गरजले.

काकूंचा पाय पायट्यावर राहिला आणि मान मात्र वळली. मशीनने आपले काम थांबविले नाही. काकूंनी पुन्हा पाहिले, तेव्हा वीतभर सरळ आलेली शिवण एके ठिकाणी पोट सुटल्यासारखी बाहेर येऊन पुन्हा आत गेली होती. त्या अंगुळभर बाकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. मग त्या काहीही न बोलता उठल्या. त्या काहीही बोलल्या नाहीत, हे काकांच्या लक्षात आले नाही.

"कसा वाटतो?"

काकूंनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. "कुठंय?"

"समोर काय आहे मग?"

"समोर नुसतं हिरवं आहे."

"हाच तो!"

"आणि माझी मेल कुठंय?"

"आहे ना. ही बघ," काकांनी माऊस धरला, मेल उघडली, तिच्यातील मेट्रनबाईंच्या नावावर अभिमानाने बाण नेला आणि वाक्य पूर्ण झाल्याच्या समाधानात, उजवे बटण दाबलेलेच ठेवून, हाताला नेहमीचा झटका दिला. मेल नाहीशी झाली.

"आता होती," काका म्हणाले.

"होती ते मलाही दिसलं. आता कुठंय?"

दुपारपर्यंत ती मेल सहा-सात वेळा आली आणि गेली. शेवटी काकूंनी कन्येला फोन लावला. त्यांचा फोन बटणांचा, साधा; त्यावर व्हिडिओ भेट होण्यासारखी नव्हती.

"आई, बाबांना दे. बाबा, वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात का?"

"दिसत होत्या. काढल्या."

"बरं. उजवीकडे दातेरी चाक आहे का?"

"तेही काढलं. फार कुरूप होतं गं."

"बाबा, पडद्यावर आहे तरी काय?"

"शांतता," काका म्हणाले.

फोनवर क्षणभर तीच पसरली. मग कन्या म्हणाली, "मी आता कामावर आत शिरतेय, फोन बाहेर ठेवावा लागतो. मेल उघडा, आतल्या निळ्या ओळीवर एकदा दाबा आणि आई, त्यानंतर बाबांना माऊसला हात लावू देऊ नकोस."

काकूंनी ही आज्ञा तंतोतंत पाळली. तीनला थोडा अवकाश असताना त्यांनी निळी ओळ दाबली, माऊस उचलून आपल्या मांडीवर घेतला, नमुना दोन्ही हातांनी उंच धरला आणि उजव्या हाताचा अंगठा त्या बाकावर असा ठेवला, की पाहणाऱ्यास तेथे केवळ अंगठाच दिसावा.

हिरव्या चौकटीत मेट्रनबाई प्रकट झाल्या. केस घट्ट बांधलेले, चेहरा गंभीर. त्यांचे ओठ हलले. आवाज मात्र आला नाही.

"काय म्हणतायत?" काकूंनी विचारले.

"आवाज बंद आहे. मीच केला होता," काका म्हणाले. "सापडेल. त्याचं एक चिन्ह असतं टॅबवर."

"मग दाबा ना ते!"

"टॅब काढून टाकलेत."

काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. "म्हणजे त्यांचं आपल्याला ऐकू येत नाही. आणि आपलं त्यांना?"

"आवाज बंद म्हणजे बंद. नळ बंद केला, की येणारं पाणीही बंद आणि जाणारंही." काकांनी कॅमेऱ्यात पाहून मोठ्याने विचारले, "बाई, आमचं ऐकू येतंय का?"

मेट्रनबाईंनी मान डोलावली.

"बघ, त्यांना वाटलं आपण नमस्कार केला," काका म्हणाले. "मेल कर त्यांना."

"मेल उघडायला गेले, की या बाई जातील. तुमचा ब्राउझर एका वेळी एकालाच घरात घेतो."

मेट्रनबाईंचा फोन नंबर काकूंजवळ नव्हता. तेव्हा काका आपल्या हद्दीत गेले. त्यांनी एक पांढरा पुठ्ठा काढला, ब्रश झटकला आणि कित्येक महिन्यांनी खऱ्या रंगात बुडविला. 'आवाज बंद आहे. क्षमस्व.' ही अक्षरे त्यांनी निळ्या रंगात काढली आणि मग काळा डबा उघडला.

"आता काय?"

"छाया देतो."

"छाया? अहो, तिकडे बाई ताटकळल्यायत!"

"छायेशिवाय क्षमस्व उघडं वाटतं."

काकूंचे हात अवघडून आले होते. नमुना खाली ठेवावा, तर अंगठा काढावा लागणार. शिवाय समोरची व्यक्ती बहिरी झाली आहे, असे मनाशी धरले, की माणसाची जीभ सैल होते. ती काकूंचीही झाली.

"तुम्ही द्या छाया! सकाळी हाक मारलीत नि माझी शिवण वाकडी करून ठेवलीत, ते दिसलं का तुम्हाला? या अंगठ्याखाली काय आहे माहितीय?"

"काय आहे?"

"बाक आहे. हा एवढा बाक. तो दिसू नये म्हणून मी तेव्हापासून अशी बसलेय, चोरासारखी. त्यांना नाही दिसणार. पण मला तर अंगठ्यातूनही दिसतो."

"अगं, अंगठा चांगला रुंद आहे तुझा. काही कळणार नाही त्यांना."

"आज नाही कळलं. पण उद्या त्याच मापाने शेकडो पडदे मागतील, तेव्हा मी काय प्रत्येकाबरोबर एक अंगठा पाठवू? आणि या बाई बघा. इस्त्री केल्यासारखा चेहरा. एक सुरकुती हलेल तर शपथ."

मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावर या वेळी खरोखरच काहीतरी हलले, परंतु ते पाहण्यास कोणी मोकळे नव्हते. काकांचा पुठ्ठा तयार झाला होता. त्यांनी तो कॅमेऱ्यापुढे धरला. संगणकाच्या पडद्याच्या तळाशी एका लहान चौकटीत त्यांचे स्वतःचे चित्र दिसत होते. त्यात पुठ्ठ्यावरील सर्व अक्षरे उलटी होती, आरशात दिसावीत तशी.

"अरेरे! उलटं जातंय!" काका कासावीस झाले.

वास्तविक ती चौकट केवळ स्वतःस पाहण्यासाठी असते आणि ती आरशाप्रमाणे उलटे दाखविते. पलीकडील माणसास सर्व काही सुलटच दिसत असते. हे काकांना कोणी सांगितले नव्हते. दुसरा कोणी असता, तर तेथे हतबल झाला असता. परंतु काकांनी उमेदीच्या काळात दुकानांच्या काचा आतल्या बाजूने रंगविल्या होत्या. बाहेरून वाचता यावे, म्हणून आतून संपूर्ण मजकूर उलटा लिहावा लागतो, आणि ही विद्या त्यांच्या हातात पक्की होती. त्यांनी दुसरा पुठ्ठा घेतला आणि उजवीकडून डावीकडे, एकाही अक्षरावर न अडखळता, अख्खा मजकूर उलटा उतरविला. छायासुद्धा उलट्या अंगाला दिली. मग तो धरला. लहान चौकटीत अक्षरे सुलट उमटली.

"आता वाचतील," काका समाधानाने म्हणाले.

मेट्रनबाईंनी मान प्रथम एका खांद्याकडे झुकविली, मग दुसऱ्या. त्यानंतर त्या खाली वाकल्या, आणि कागदावर काहीतरी लिहीत असल्याचे दिसले.

"गेलं काम," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आता रागाचा नव्हता. "लिहितायत, राहू द्या म्हणून. जन्मभर दुसऱ्यांचं उसवलेलं शिवलं. एकदा काहीतरी नवंकोरं, पहिल्या टाक्यापासून माझं असं व्हायचं होतं हो. एवढंच होतं."

काकांनी पुठ्ठा खाली केला. ब्रशच्या टोकावरून रंगाचा एक थेंब त्यांच्या पायावर पडला.

तेवढ्यात मेट्रनबाईंनी आपला कागद वर धरला. त्यावर लिहिले होते:

'तुमचा आवाज येतो आहे. सगळा.'

काका काकूंकडे पाहू लागले आणि काकू इस्त्री केल्यासारख्या त्या चेहऱ्याकडे. मेट्रनबाईंनी कागद उलटला. मागच्या बाजूस दोनच शब्द होते:

'अंगठा काढा.'

काकूंनी अंगठा काढला. बाक उघडा पडला. मेट्रनबाई पुढे झुकल्या, इतक्या की चौकटीत केवळ त्यांचा चष्माच उरला. बराच वेळ त्यांनी तो अंगुळभर बाक तपासला. मग मागे सरून त्या काहीतरी बोलू लागल्या. ते कसेही करून ऐकलेच पाहिजे, या तळमळीने काकांनी काकूंच्या मांडीवरचा माऊस उचलला, "थांबा बाई, सापडेल आवाज!" असे म्हटले, उजवे बटण घट्ट धरले, आणि त्यांच्या मनगटाने खाली येऊन उजवीकडे झटका दिला.

मेट्रनबाई गेल्या. समोर हिरवी शांतता उरली.

काका माऊस धरून तसेच उभे राहिले. "मी जुना परत आणतो," ते अखेर म्हणाले. "राखाडी तर राखाडी."

काकू नमुन्याची घडी घालीत होत्या. बाक आत जाईल अशी नव्हे, साधीच. इतक्यात त्यांचा बटणांचा फोन वाजला.

"मेट्रन बोलतेय," पलीकडून आवाज आला. आवाज चेहऱ्याहून बराच मऊ होता. "तुमचा नंबर होता माझ्याकडे. आधीच करणार होते फोन. पण तुम्हा दोघांचं बोलणं असं रंगात आलं होतं, की मध्ये तोंड घालवेना."

"बाई, ते इस्त्रीचं मी..."

"रोज करते मी इस्त्री. त्यात खोटं काय बोललात? ऐका आता. आधीच्या दोघांनीही नमुने दाखवले. एकाची खालची दुमड वाकडी होती आणि दुसऱ्याची कडी तिरपी. मी विचारलं, यात काही कमी आहे का? दोघंही म्हणाले, छे, अगदी नंबरी काम आहे. त्यांना स्वतःची चूक दिसलीच नाही. तुम्हाला तुमची अंगठ्यातून दिसते. मला तेच माणूस हवंय. कापड सोमवारी पाठवते. पण शिवताना मिस्टरांना घराबाहेर ठेवायचं."

"ठेवीन," काकू म्हणाल्या.

"आणि त्यांना जरा फोन द्या."

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला, शिक्षा ऐकावयास उभ्या राहिलेल्या माणसासारखा.

"ते दुसरं, उलटं अक्षर तुम्ही हातानं काढलंत? माझ्या डोळ्यांदेखत?"

"चूक झाली बाई. मला वाटलं, पहिलं उलटं जातंय."

"पहिलं सुलटच होतं. चूक झाली ते बरंच झालं. आमच्या प्रत्येक वॉर्डाच्या दाराला काच आहे. चिकटवलेली अक्षरं बाहेरून पोरं नखांनी काढून नेतात. आतून रंगवणारा माणूस आम्ही कधीचा शोधतोय. रंगवाल?"

काकांनी घसा साफ केला आणि आपल्या धंद्यातील तो प्रश्न विचारला, जो त्यांनी कित्येक महिन्यांत कोणाला विचारला नव्हता. "तुम्हाला कोणता रंग आवडेल बाई?"

"निळा. छायेसकट. आणि मजकूर एवढाच, 'शांतता राखा'."

काकूंना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर तो गुळगुळीत नमुना धरला आणि त्यामागे बराच वेळ त्यांचे खांदे हलत राहिले.

त्या हिरव्या ब्राउझरचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. तो अद्याप तेथेच आहे. कन्या रजेवर आली, तेव्हा तिने टॅब, बाण, फुली आणि आवाजाचे चिन्ह परत बसवून दिले; हाताच्या रेघांची सोय मात्र कायमची बंद केली. रंगाला तिने हात लावला नाही. काकूंनीच तसे बजावले होते. आणि पुन्हा कोणाचा गोंधळ होऊ नये, म्हणून काकांनी संगणकाच्या काळ्या चौकटीवर बारीक ब्रशाने प्रत्येक बटणासमोर त्याचे नाव रंगविले आहे: मागे, बंद, आवाज. प्रत्येक नावास छाया आहे. काकूंनी त्यांत एका नावाची भर घालून घेतली. माऊसच्या पाठीवर सुबक निळ्या अक्षरांत लिहिले आहे, 'विचारून घ्यावा'.

येथे हा वृत्तांत पूर्ण झाला. आपण आपला अमूल्य वेळ देऊन तो शेवटपर्यंत वाचलात, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. लेखनात कोठे बाक राहिला असल्यास मी त्यावर अंगठा ठेवलेला नाही. तो खुशाल दाखवावा.

आपला नम्र,
तात्या घड्याळजी
(ज्यांच्या दुकानाची पाटी आजही पेंटरकाकांच्याच हातची आहे)